वहीतले बटाटे

बर्फाचा डबा मांडीवर घेऊन कुरखेड्याहून एसटीत बसलं की शेजारचा माणूस हमखास विचारायचा, "मच्छी हाय का, भाऊ? काय भाव घेतली?" मी म्हणायचो, "हे खायाचं नाई, भाऊ. खाऊन झालेल्याचं हाय." मग तो बिचारा वडसा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचा.

डब्यात माणसांची शी असायची. मुठीत मावतील अशा छोट्या डब्या, प्रत्येकीवर नंबर. मी वडसाचा. अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, पण मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि बरीच वर्षं लोकांचं रक्त काढत फिरलो. मग शहरातल्या एका डॉक्टर मॅडमनी त्यांच्या अभ्यासासाठी मला कंत्राटावर घेतलं. विषय होता पोटातले जिवाणू आणि मधुमेह. आपल्या आतड्यांत असंख्य जिवाणू राहतात, आपण खातो त्यावरच तेही जगतात, आणि आत कोणकोण राहतं याचा रक्तातल्या साखरेशी संबंध असावा, असं आता शास्त्रज्ञ म्हणतात. कोरचीकडच्या जंगलातल्या माणसांचं जेवण वेगळं, म्हणून त्यांच्या पोटातले बिऱ्हाडकरूही वेगळे असतील, असा मॅडमचा अंदाज. आणि अंगावर मूठभर मांस नसलेल्या माणसालाही शुगर का होते, हेही त्यांना शोधायचं होतं.

ते तर मलाही शोधायचं होतं. मी काडीसारखा, आणि तिशीतच मला शुगर निघाली. अम्मी अजून म्हणते, नजर लागली.

काम सोपं होतं. तीन दिवस घरोघर जाऊन कोण काय जेवलं ते वहीत लिहायचं, चौथ्या दिवशी रक्त आणि डबी घ्यायची. पहिल्या दिवशी मॅडम स्वतः माझ्या वाट्याच्या गावात आल्या आणि झाडाखाली सभा घेऊन म्हणाल्या, "रक्ताचा आणि पोटाचा, दोन्ही रिपोर्ट प्रत्येकाच्या हातात मिळतील." लोकांना समजावं म्हणून मी ते तिकडच्या झाडीबोलीत सांगितलं, आणि वर माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं, "कागद मी सोता घेऊन येईन."

शी द्यायची म्हटल्यावर बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. चाळिशीतली एक वाळलेली बाई सगळ्यांत मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "वावरात टाकली तं खत व्हते. तुमी लोक हेबी घेऊन जाता का?" तीच माझ्या यादीतली पहिली झाली.

तिला शुगर होती. गावच्या नर्सबाईनं गोळ्या दिल्या होत्या, पण नवरा त्या घेऊ देत नव्हता. तो वाईट माणूस नव्हता. त्याचं आपलं एक शास्त्र होतं. "शुगर जाड्या लोकायले होते. हिले कायची शुगर? त्या गोळ्याइनंच वाळली ते." मी माझ्या मशीनवर तिचं बोट टोचून आकडा दाखवला. तो म्हणाला, "मशीन तुमची, आकडा तुमचा." मग तिनंच मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, मोठ्या शहराचा कागद आला ना, शिक्का मारलेला, का मंग तो मानते. मले तेवढा कागद पायजे." मी म्हणालो, मिळेल. मलाही शुगर आहे हे ऐकल्यावर ती लगेच चहा ठेवायला उठली. "आपल्या दोघायचा बिनसाखरेचा," नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली.

तीन दिवस मी वही भरत होतो. भात, तुरीचं वरण, बटाट्याची भाजी. दुसरं घर, भात, वरण, बटाटे. मला वाटलं, गाव बरं खाऊनपिऊन आहे. तिसऱ्या दिवशी एका घरी बटाट्याचं पातेलं बघितलं आणि थबकलो. त्याचा एक कान तुटलेला होता आणि तिथे तार गुंडाळली होती. हेच पातेलं मी सकाळी दोन घरं आधी बघितलं होतं. काल आणखी एका घरी. अख्ख्या गावात बटाटे एकच होते आणि ते माझ्या पुढेपुढे चालत होते!

दुपारी मी त्या शुगरवाल्या बाईकडे गेलो आणि तिच्यासमोर वही मिटून ठेवली. तिनं माझ्याकडे बघितलं, हसली, आत गेली आणि आंबील घेऊन आली. रात्रभर आंबवलेली, पातळ, थंडगार. सोबत रानभाजी. "आमी हेच खातो, भाऊ. सकाळी हे, दुपारी हे. पण शहरातले लोक वही वाचतीन ना? म्हणतीन, कशावर जगतेत हे लोक. म्हणून सगळ्यायनं ठरवलं. तुमी आपले वाटता म्हणून सांगतलं. कोणाले सांगू नोका."

मी दोन वाट्या आंबील प्यायलो. इतकी चांगली आंबील मी आमच्या घरी कधी प्यायलो नव्हतो. आणि चौथ्या दिवशी डबे शहरात पोचवले तेव्हा मी मॅडमना सगळं सांगून टाकलं.

का सांगितलं? शास्त्राच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच होतं. जी आंबवलेली आंबील त्या जिवाणूंसाठी महत्त्वाची असू शकते, तीच वहीत नव्हती. मी म्हणालो, मॅडम, मी परत जातो, वही नव्यानं लिहितो. मॅडम पोट धरून हसल्या, पातेल्याची गोष्ट त्यांनी तिथल्या दोघांना बोलावून पुन्हा सांगायला लावली, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "असा प्रामाणिक माणूस हवा. आपण पुन्हा जाऊ तिथे." मी फुगलो. खरं सांगायचं तर त्या थापेसाठीच मी सांगितलं होतं.

पुन्हा कोणी गेलं नाही. मी फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये. धान कापून झालं, वडसात झाडीपट्टीच्या नाटकांचे बोर्ड लागले, तरी रिपोर्टचा पत्ता नव्हता. शेवटी मीच ऑफिसात जाऊन उभा राहिलो. मॅडम कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाल्या, "ते गाव आपण वगळलं. माहिती विश्वासार्ह नाही, तूच तर सांगितलंस."

"आणि रिपोर्ट?"

"वगळलेल्यांचे नमुने तपासत नाहीत."

"मॅडम, वही खोटी होती. रक्त तर खोटं नव्हतं!"

त्यांनी मला बसायलासुद्धा सांगितलं नाही. माझं कंत्राट त्या महिन्यात संपलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या बाईनं मला आपलं मानून खरं सांगितलं, तिचंच खरं तिच्या विरोधात वापरलं, आणि ते उचलून त्यांच्या हातात दिलं होतं मी. मॅडमनी माझा केसानं गळा कापला, हे मी कितीतरी जणांना सांगत फिरलो. पुढचं अर्धं कोणाला सांगितलं नाही.

मग एक दिवस रिकाम्या हातानं गावात गेलो. येईन म्हणालो होतो ना. पण बातमी माझ्या आधी पोचली होती. ऑफिसातून कोणीतरी नर्सबाईला फोन करून म्हणालं होतं, तुमच्या गावानं खोटी माहिती दिली, पातेलं घरोघर फिरवलं. पातेल्याचं कळलं म्हणजे सांगणारा कोण, हे कळायला वेळ लागला नाही.

ती ओट्यावर बसली होती. आधीच वाळलेली, आता पायाच्या जखमेवर फडकं बांधलेलं. नवरा आतून बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, "कागद नाई आला ना? बिमारी असती तं आला असता." कागद न येणं हाच त्याचा पुरावा झाला होता आणि तो मीच आणून दिला होता.

मी तिला म्हणालो, "बाई, चला माझ्यासंग. कुरखेड्याच्या दवाखान्यातून मी कागद काढून देतो. आजच."

"पाहीन," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

ती लंगडत आत गेली. मला वाटलं, शिव्या दिल्या तरी चालतील. ती परत आली ती ताट घेऊन. ताटात कपबशी आणि बशीत चार बिस्किटं, शहरातून कोणी आलं की मांडतात तशी.

"आंबील नाई का, बाई?" मी विचारलं.

"ते आमचं खाणं हाय," ती म्हणाली. "तुमी चहा घ्या, साहेब."

मी पहिला घोट घेतला. चहात साखर होती, चांगली दोन चमचे. ती समोर उभी होती. मी कप रिकामा केला.