राजश्रीचा तांबडा ठिपका

लिही सुकन्ये, तुझ्या आईचंच सांगती मी. तिला इचारलं तर म्हनंल, आत्या, माझं काय सांगायचं त्यात, लॅबमधली बाई मी. तरी तू लिही. आन माझं बोलनं मधी मधी सुदारू नको, न्हायतर ती मी ऱ्हानार न्हाय, तुझ्या शाळंतली बाई हुईल.

तुझी आई, राजश्री, मेंढरामागं वाढल्याली. तिचा बाप माळशिरसच्या अंगाला कळप घिऊन फिरायचा. मेंढरू लंगडाय लागलं, चरंना झालं, की त्येच्या पाठीवर गेरूचा तांबडा ठिपका द्यायचा. म्हंजी सांजच्याला जाळीच्या वाघरीत कळप कोंडताना ते आजारी जनावर चटदिशी वायलं काडता येतं. ठिपका द्यायचं काम पोरीचं. बोट गेरूत, बोट पाठीवर. पुढं अकलूजला मामाच्या घरी राहून बारावी केली, सोलापुरात येऊन लॅबचा कोर्स केला, आन माझ्या ल्योकाची, बिरुदेवाची, बायकू झाली. बिरुदेव अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टावेलाच्या मागावर. त्येच्या कानात दिसभर मागाचा खडखडाट, हिच्या कानात माझा.

लोकांस्नी वाटतं लॅब म्हंजी रगात काडायचं. हिचं तसं न्हाय. आपरेशनात काडल्याली गाठ म्हना, पिशवी म्हना, त्येचा तुकडा हिच्याकडं येतो. तो मेनात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून बारीक काप काडायचा, काचंवर घ्यायचा, जांभळा-गुलाबी रंग द्यायचा. मग श्रीदेवी मॅडम, लॅबमधली मोठी डाक्टर, दुर्बिनीतून बगून सांगती, साधं हाय का वंगाळ.

तुकडा हातात घेतानाच मॅडमला शंका आली तर ती म्हनायची, "राजश्री, हे आधी दे मला." मग राजश्री त्या काचंच्या कोपऱ्यावर तांबड्या पेनानं बारका ठिपका द्यायची. कुनी शिकवलं न्हाय तिला. बोटाची सवय. मॅडमला बी सोयीचं पडलं, ठिपक्याच्या काचा आधी उचलायची. त्यात कुनाला काय वंगाळ दिसनार?

मग पुन्याची मानसं मशीन घिऊन आली. ते काचंचा फोटू काडतं, एवढा मोठा फोटू की टीव्हीसारख्या पडद्यावर पेशी न् पेशी दिसती. आन फोटू नुस्ता काडत न्हाय, बगून सांगतं बी. त्येला आधी राजश्रीच्या लॅबमधल्याच जुन्या काचांचे ढिगानं फोटू दावले. ह्ये वंगाळ, ह्ये साधं, ह्ये वंगाळ, ह्ये साधं. लेकराला काऊ-चिऊ दावत्यात की न्हाय, तसं. शिकल्यावर ते आपलं आपन काचांची लाईन लावाय लागलं. वंगाळ वाटंल ते वर, साधं ते खाली. मॅडम वरनं खाली बगत जायची. समद्या काचा बगायची ती, पन खालच्यांचा नंबर कवा लागंल त्येचा नेम नसायचा.

तुझी आई लई खूश. घरी यायची आन भाकरी थापता थापता सांगायची, "आत्या, आज त्येनं बरोबर वळकलं. काल बी बरोबर वळकलं." मी म्हनलं, "सून व्हऊन आलीस तवा माझं बी एवढं कवतिक केलं न्हाईस." ती हसायची.

त्यातच नातेपुत्याला लॅबचं सेंटर निगालं. तितंच काचा करायच्या, तितंच फोटू काडायचा, आन फोटू तारंवरनं सोलापूरला. आन नातेपुत्याला माझी भन, रंभा. तिच्या छातीत गाठ आली. दाबली तर दुखंना, म्हनून तिनं लपवली. तिच्या सुनंनं बगितली म्हनून कळलं. सुईनं तुकडा काडला, काच झाली, फोटू सोलापूरला आला. मी म्हनलं, आता काय, आपली राजश्रीच हाय की तितं.

तर कुटला रिपोर्ट न् कुटलं काय. रोज रंभाचा फोन.

"आक्का, आला का गं?"

"न्हाय अजून."

"तुझी सून तितं काय माशा मारती का?"

मी फोन ठिवला की राजश्रीच्या मागं. ती म्हनायची, "आत्या, मशीननं मावशीची काच खाली टाकलीया. खाली टाकली म्हंजी भ्यायचं कारन न्हाय. आन मला लाईन मोडता येत न्हाय. वरच्या बी कुनाच्या तरी मावश्याच हायत्या."

बोलनं बरोबर हुतं. तरी मला दम निगंना. हितं बसावं, उठावं, दारात जावं, परत यावं. चहा केला तर प्यायचं इसरायची. ऊन उतरंना, दिस मावळंना. आमची आई बी छातीच्या दुखन्यानंच गेल्याली, तवा त्येला कुनी नाव बी ठिवलं न्हवतं.

येका सकाळी मी राजश्रीला नगं ते बोलली. म्हनलं, "तुझी सख्खी आई असती तर थांबली असतीस व्हय गं?" ती डबा तसाच ठिवून कामाला गेली. मग माझ्याच जिवाला लागलं. डबा घेतला, रिक्षात बसली, आन थेट लॅबला.

राजश्रीनं मला कोपऱ्यात स्टुलावर बसवलं. "हात लावू नका कशाला," म्हनली. मी तिच्याकडं बगत हुती. काच उचलायची, ठिवायची, परत उचलायची. सकाळचं माझं बोलनं तिच्या डोक्यात घुमत आसनार.

तेवढ्यात आतनं श्रीदेवी मॅडम हसत आली. "अगं राजश्री, तुझं मशीन आज भांग पिऊन आलंय बघ! त्या शाळेतल्या पोराचं अपेंडिक्स आहे ना, ते सगळ्यात वर आणून ठेवलंय. लाल चौकट केलीय त्याला. नुसती सूज आहे गं ती!"

राजश्री पडद्याजवळ गेली. मी बी मागनं मान लांब केली. गुलाबी-जांभळा फोटू, आन कोपऱ्यात आपला तांबडा ठिपका. सकाळी तंद्रीत तिनं भलत्याच काचंवर ठिपका दिल्याला.

ती कायतरी बडबडली, मला आयकू आलं न्हाय. काच काडली, इस्पिरिटच्या बोळ्यानं ठिपका पुसला, परत मशीनात घातली. अपेंडिक्स गेलं खाली. परत काडली, ठिपका दिला, घातली. आलं वर. तिनं दुसऱ्यांदा ठिपका पुसला तवा मॅडमचं हसू गेल्यालं.

"मॅडम," राजश्री म्हनली, "ह्ये रोग वळकत न्हाय. ह्ये माझा ठिपका वळकतंय."

"कसला ठिपका? पुण्याच्या पोरांनी तुला विचारलं होतं ना, काचेवर काही मार्किंग असतं का म्हणून? मी समोर होते. तू नाही म्हणालीस."

"मार्किंग म्हंजी नंबर लिवायचा न्हाय का मॅडम, आपल्याकडं? मला वाटलं त्ये नंबराचं इचारत्यात, काचंवर कुटं डबल नंबर पडलाय का म्हनून. ह्यो तर नुस्ता ठिपका. ह्येला मी कवा मार्किंग म्हनलंच न्हाय."

"आणि मी रोज तोच ठिपका बघून काच उचलायचे," मॅडम म्हनली, अन खुर्चीत बसली. "म्हणजे शंका माझी, ठिपका तुझा, आणि आम्ही शाबासकी देत होतो मशीनला."

मग राजश्रीचा आवाज आला, येकदम बारीक.

"मॅडम, नातेपुत्याच्या काचांवर ठिपका न्हाय. तितं काचा मी करत न्हाय."

मला त्यातलं समदं कळत न्हवतं, पन एवढं कळलं. ज्या काचंला ठिपका न्हाय, ती मशीननं खाली टाकल्याली. मग ती कसली बी असू दे. मी स्टुलावरनं उठलीच. "माझ्या भनीची काच हाय तितं!"

"आत्या, गप बसा!" राजश्री वरडली. आजवर ती माझ्यावर कवा वरडली न्हवती. मग मॅडमकडं बगून म्हनली, "मावशी हाय माझी, सासूकडनं. मी सांगितलं न्हवतं. लाईन मोडायची न्हवती."

"आजी, तुम्ही बाहेर बसा," मॅडम म्हनली. "राजश्री, नातेपुत्याचं सगळं काढ. खालून सुरू करू."

भायेर बाकडं हुतं. त्येच्यावर मी बसली म्हनायचं, खरं तर बसलीच न्हाय. रंभाचा फोन वाजला. मी उचलला न्हाय. परत वाजला. उचलला.

"आक्का, आला का गं?"

"बगत्यात," मी म्हनलं. "आत्ता बगत्यात."

"आवाज का असा काडलाईस?"

"डबा घिऊन आली चालत. धाप लागली," मी म्हनलं. रिक्षानं आल्याली मी.

मॅडम भायेर आली तवा तिच्या तोंडाकडं बगूनच मला कळलं. मला बाकड्यावर बसवून ती शेजारी बसली. "आजी, गाठ चांगली नाही. पण लहान आहे. त्यांना लगेच सोलापूरला आणा." मागं दारात राजश्री उभी, हातात तसाच इस्पिरिटचा बोळा.

नातेपुत्याच्या ढिगात आनखी येका बाईची काच तशीच निगाली. तिला बी त्याच दिवशी फोन गेला. मशीन बंद केलं. पुन्याची मानसं परत आली, राजश्रीला किती तरी इचारत बसली. बिरुदेव म्हनला, नोकरी जानार. ती म्हनली, "जाऊ दे गेली तर." गेली न्हाय. मॅडमनं पुन्यावाल्यांना सांगितलं, काचा मी बी रोजच बगत हुते, एकट्या तिच्यावर घालू नका. आता मशीनला परत पैल्यापासनं शिकवत्यात. समद्या जुन्या काचा पुसून.

रंभा आली. आपरेशन झालं. काडल्याली गाठ लॅबला गेली, तर मॅडम म्हनली, राजश्री, ही दुसरं कुनी करंल. ती म्हनली, न्हाय, मीच करनार. केली. गाठीच्या कडा निर्मळ निगाल्या, म्हंजी छातीतलं समदं काडून झालं. काखंतली येक गाठ मात्र वंगाळ निगाली. म्हंजी आता किमो.

तवापासनं तुझी आई अशी झाली बग. जेवताना मदीच थांबती. मॅडमला तिनं इचारलं, काच खाली पडून ऱ्हायली तेवढ्यातच ते काखंत गेलं का? मॅडम म्हनली, सांगता येत नाही, आधीच गेलं असंल, नसंल बी. मग तिनं आपरेशनवाल्या डाक्टरला इचारलं. मग दुसऱ्याला. समदे तेच सांगत्यात. समजा येकानं "व्हय" म्हनलं असतं तर रडून मोकळी तरी झाली असती.

परवा रंभाच्या पुढ्यात ताट ठिवलं आन खाली बसली. म्हनली, "मावशी, माझ्यामुळं उशीर झाला."

रंभाचं डोकं पार बोडकं झाल्यालं, त्येच्यावर बिरुदेवाचा टावेल. ती म्हनली, "मी ती गाठ चोळीत किती दिस लपवली ठाव हाय का तुला? तुझा उशीर त्यात कुटला न् माझा कुटला, तुझ्या त्या मशीनला निवडाय लाव."

"मावशी, चेष्टा नको."

"चेष्टा कुटं करती? तुझं तोंड बगून दवाखान्यातली नर्स मलाच इचारती, पेशंट कोन? दोन पेशंट येकदम येऊ नका, म्हनती." मग ताट तिच्याकडं सारलं. "निम्मं तू खा. मला वास सोसंना. आन पुडच्या किमोला माझ्यासंगं तूच यायचं. त्या सुईवाल्या पोराला माझी शीर घावत न्हाय, चार जागी टोचतो. तू उभी ऱ्हायलीस की नीट टोचतो, भितो तुला."

राजश्रीनं भाकरी मोडली. खाल्ली का न्हाय ते मी बगितलं न्हाय, मी आत गेली. मागनं रंभाचा आवाज येत हुता, "आगं, आमटीत बुडव की, कोरडी काय चावतीस."