उरल्याच्या गेटवर शालिग्राम

शालिग्राम रामटेकेंनी उमेदीची सगळी वर्षं उरला या औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवली. खाली लालबुंद लोखंड, वर धुरळ्यात ते. निवृत्त झाल्यावर जिना चढताना दम लागू लागला. त्या धुरळ्यानं फुफ्फुसांवर व्रण पडून ती निबर होत चालली आहेत, असं तपासणीत निघालं.

यंदाच्या हिवाळ्यात मात्र एकाएकी बिघडलं. सकाळी दात घासता घासता ते बेसिन धरून खाली बसले. ओठ निळे पडलेले. सत्यभामाबाईंनी नवऱ्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं, आकडा पाहिला आणि सरळ समता कॉलोनीतलं हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टर अनुश्रींनी आडपडदा ठेवला नाही. "जुने व्रण जाणार नाहीत. त्यांच्यावर आता नवी सूज आलीय. ती उतरावी म्हणून सलाईनमधून स्टेरॉइडचा मोठा डोस देऊ. पण सगळ्यांनाच लागू पडतो असं नाही."

सत्यभामाबाईंनी डॉक्टरांना बाहेर चलायची खूण केली. शालिग्रामनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला.

"द्या. पन जे होऊन राहिलं ते मले सांगा. हिच्या एकटीवर टाकू नका."

त्या हालतीतही नवऱ्यानं आपला भार वाटून घेतला, हे बाईंच्या काळजाला भिडलं.

औषधानं साखर भडकली, झोप उडाली. एरवी शांत असलेला माणूस वरणात मीठ कमी म्हणून तणतणला. बाईंनी ऐकून घेतलं. आणि मग हळूहळू धाप कमी झाली, नर्सनं ऑक्सिजन कमी केला. डॉक्टर म्हणाल्या, "लागू पडलं."

ऑक्सिजनची नळी नाकात घेऊनच ते घरी आले, सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या. औषधानं चेहरा गोल झालेला. शेजारच्या कांताबाई म्हणाल्या, "स्टेरॉइड म्हनजे जहर. काहून देऊन राहिली? फेकून दे त्या गोळ्या!"

"एकदम बंद केल्या तर जिवावर बेतंल, बाई. डॉक्टरीनबाई सांगंल तशाच कमी करीन," सत्यभामाबाईंनी ठणकावलं.

एक दिवस राकेश भेटायला आला. शालिग्रामनीच त्याला क्रेन शिकवली होती. मिलमधली पोरं धुळीसाठी दिलेला मास्क खिशातच ठेवतात, असं तो बोलता बोलता म्हणाला. शालिग्राम उठूनच बसले. "मले गेटवर घेऊन चाल."

"लोक नळी पाहतील," बाई म्हणाल्या.

"पाहू दे. त्यासाठीच जातो."

शिफ्ट सुटताना ते गेटवर खुर्चीत बसले, शेजारी सिलिंडर धरून सत्यभामाबाई. माणसं जमली, बहुतेक हिंदी बोलणारी; मागे एक ट्रक घरघरत उभा होता. "मेरी तरफ देखो, भैया," त्यांनी सुरुवात केली. दोन शब्द, मग श्वास. पुन्हा दोन शब्द. एकदा इतका वेळ थांबले की वाक्य पुरं करायला बाई पुढे झाल्या. शालिग्रामनी त्यांना हातानंच थांबवलं. दम गोळा केला आणि स्वतःच बोलले, "मास्क जेब में नहीं, मुँह पे लगाओ. मेरे को देर से समझा."

मग समोरच्या एका कामगारानं खिशातला मास्क काढून बांधला, त्याच्या मागच्यानंही.

परतताना ऑटोत शालिग्रामनी विचारलं, "मांगच्याईले ऐकू गेलं का?"

"गेलं नं," सत्यभामाबाई ताठ बसून म्हणाल्या. "ट्रकवाल्यानं इंजन बंद करून ऐकलं तुमचं."