कवल्याचं सातवं झाड

नगरजवळच्या एका गावाच्या कुरणाचे ते राखणदार होते. कॉलेजच्या प्रात्यक्षिकासाठी मला कवल्याचं पिवळ्या फुलांचं झाड मुळासकट हवं होतं, आणि ते दुसऱ्याच दिवशी जमा करायचं होतं. ते लांबून येताना दिसले तेव्हा मी एक झाड उपटून पिशवीत घातलं होतं.

येताच ते काठीच्या टोकानं एकेक झाड मोजू लागले. "गुरं आधी कवल्यावरच तुटून पडत्यात. ही सातच वाचवलीत, बी पडंस्तवर."

सहावर काठी थांबली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"पिशवीत काय हाय, ताई?"

"पुस्तकं."

पिशवीतून चिखलाचं पाणी माझ्या चपलेवर ठिबकत होतं. त्यांनी ते पाहिलं.

"घरात शिकनारी पहिलीच का?"

"हो."

"मग जावा. पन पुढच्या साली हितं कवला न्हाई उगवला, तर पुस्तकातला दाखवाया या आमाला."

मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. कागदावर चिकटवलेलं ते झाड अजून कॉलेजच्या कपाटात आहे, खाली माझं नाव आहे. पदवी मिळाली तेव्हा मी सगळ्यांचे आभार मानले. त्या कुरणात कवला उगवतो का, हे पाहायला जायचं धाडस मात्र मला अजून झालेलं नाही.