आधी जेवा, मग रेघा मारा

पोरांनो, तुम्हाला गॅसवरचं दूध आठवत नाही, माझा वाढदिवस आठवत नाही, आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधता... म्हणून हे आजच सांगून ठेवते. मला अक्षर येत नाही, नात टाइप करतेय. चूक सापडली तर ती तिची, गोष्ट आवडली तर ती माझी.

परवा ती कॉलेजचं काहीतरी इंग्रजी लिहीत बसली होती. एका पुस्तकाच्या नावावर तिने बटण दाबलं आणि सगळी अक्षरं वाऱ्यातल्या ज्वारीसारखी एका अंगाला कलली. म्हणाली, "आजी, पुस्तकाचं नाव असं तिरकं करतात. हाताने लिहिलं तर खाली रेघ मारायची."

रेघ म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला...

बहात्तरचा दुष्काळ होता. श्रीगोंद्याच्या अलीकडं आमचं गाव, मी तेव्हा नवी सून. शेजारी हायस्कूलचे इंग्रजीचे गुरुजी राहायचे. रोज संध्याकाळी ओसरीवर पोरांचे पेपर, हातात लाल शाईचा पेन आणि बाजूला गार होत चाललेलं ताट. काकू आतून ओरडायच्या, "अहो, आधी जेवा, मग रेघा मारा!" हे इतकं ठरलेलं की आम्ही त्यावर दिवेलागणीची वेळ ओळखायचो.

पुस्तकाचं नाव लिहायची रीत त्यांनी मलासुद्धा सांगितली होती, गंमत म्हणून. "सूनबाई, इंग्रजी नाव म्हणजे वरात. पुढं चालणारा शब्द कितीही बारका असो, त्याला फेटा, म्हणजे पहिलं अक्षर मोठं. शेवटच्याला फेटा, मानकऱ्यांना फेटा. मधल्या सामान उचलणाऱ्यांना नाही. आणि खाली एक रेघ... वरात उभी कशावर राहणार?"

एका डोळ्याने त्यांना कमी दिसायचं. त्यामुळे मान वाकडी करून, एकाच डोळ्याने ते कागदाकडं बघायचे. हे लक्षात ठेवा, तुम्ही विसराल.

तर गुरुजी गेले. अचानकच. दहाव्याला सगळं गाव नदीवर जमलं. नदी कसली, नुसती वाळू आणि पांढरे धोंडे. गुरुजींनी स्वतः लिहिलेलं एक छोटं इंग्रजी पुस्तक होतं, 'अ लॅम्प इन द फील्ड'. शेतातला दिवा म्हणे. शाळेने त्या नावाचा मोठा बोर्ड इंग्रजी अक्षरांत रंगवून आणला होता, काळ्यावर पांढरा. तो धोंड्याला टेकवून ठेवला.

पिंड ठेवला. शेजारी काकूंनी केलेली हुलग्याच्या पिठाची, रश्श्यात शिजवलेली शेंगोळी, गुरुजींची आवडती. सगळे मागं सरले आणि वाट बघू लागले.

दुष्काळात कावळेसुद्धा गाव सोडून गेले होते. एकच आला. पण पिंडाकडं नाही... तो बोर्डावर बसला.

गुरुजींच्या भावाने हात जोडून सांगितलं, "दादा, सुमीचं लगीन थाटात लावून देतो." सुमी म्हणजे गुरुजींची लेक. कावळा हलला नाही. "वहिनीला कधी अंतर देणार न्हाई." नाही. हेडमास्तरांनी शाळेतल्या वाचनालयाला नाव द्यायचं कबूल केलं. तरी नाही.

ऊन चढलं. लेकरंसुद्धा रडायची थांबली. मागच्या बायकांत कुजबूज सुरू झाली, "काय दुखवलं असंल बाईनं..." काकूंनी ते ऐकलं. कावळा शिवला नसता तर ते बोलणं त्यांना जन्मभर चिकटलं असतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

तेवढ्यात कावळा खाली उतरून अक्षरांपुढून चालायला लागला. एकेका अक्षरापाशी थांबायचा, मान वाकडी करायचा, एका डोळ्याने बघायचा. कावळे तसेच बघतात, मलाही ठाऊक आहे... पण तिथं सगळ्यांनी हात जोडले होते.

सुमी हळूच म्हणाली, "आई, बोर्ड चुकलाय. सगळ्यांनाच फेटे घातलेत. खाली रेघ न्हाई."

बोर्ड रंगवणारा दगडू पेंटर पुढं आला. "गुरुजींच्या पुस्तकाचं नाव, म्हणून एक बी अक्षर बारकं ठेवलं न्हाई मी. अन् गेलेल्या माणसाच्या नावाखाली रेघ कशी मारू? रेघ मारली की संपलं ना वो! चुकलो गुरुजी, नीट करतो."

कावळा पिंडाजवळ आला. आणि नुसताच उभा राहिला.

मग काकू उठल्या. पदर खोचला आणि रोजच्यासारख्या खेकसल्या, "बास झालं आता! शेंगोळी गार झाली. आधी जेवा, मग रेघा मारा!"

कावळ्याने चोच घातली... पहिली शेंगोळीतच.

बायका हुंदके देऊन रडल्या. मघाशी कुजबुजणाऱ्या सगळ्यात मोठ्याने. बोर्ड गुरुजींच्या ओसरीवर टेकवून, अंगणाच्या दाराला बाहेरून कडी घालून आम्ही देवळापुढं पंगतीला गेलो. दगडू पेंटर माझ्या समोरच्या रांगेत बसला होता, आमटी ओरपत. तो उठला नाही, मी बघितलंय.

परत येऊन कडी काढली, तर बोर्डावर नावाखाली रेघ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. लाल. सुमीने बोट लावलं तर बोटाला ओलं लागलं.

दगडू आईची शपथ घेऊन म्हणाला, माझ्याकडं लाल रंगच न्हाई. काकूंनी रेघेकडं बघितलं, गालातल्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, "जेवले म्हणायचे."

मला अजून कळलेलं नाही ते काय होतं. पण काकूंचा तो आवाज मात्र मी घेऊन ठेवलाय. आमच्या घरात कुणाचं ताट कामापायी गार झालं की तोच निघतो तोंडातून.

तर आता हातातला मोबाईल खाली ठेवा आणि आधी जेवा. आणि पितृपक्ष जवळ आलाय, मला हुलग्याची शेंगोळी पाठवा. लसूण सढळ, रस्सा दाट, आणि डबे दोन... एक माझा, एक गच्चीवर ठेवायला. तो गरम असताना पोचला पाहिजे.