पाटीवरच्या बारीक रेघा

आमच्या कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानाची पाटी मी वर्षानुवर्षं पाहतोय. लाल, ठसठशीत, पुढे झुकलेली अक्षरं, लगबगीनं लग्नाला निघाल्यासारखी. एक रेघ चांगली चार बोटं जाड, तर तिला जोडलेली दुसरी अगदी दोऱ्यासारखी. औषधांच्या दुकानावर असली अक्षरं कुणी काढणार नाही, पेढ्यांना मात्र ती शोभतात.

काल शिडीवर चढलेले पेंटर फक्त बारीक रेघाच रंगवत होते. मी विचारलं, "जाड भाग तसाच ठेवणार?"

"त्याला काय होतंय?" ते म्हणाले. "ऊन आधी बारीक रेघ खातं. ती गेली की उरतात नुसते लाल पट्टे. वाचणार काय?"

मी तिथेच थांबलो. काही वर्षांपूर्वीच्या माझ्या ऑपरेशनच्या वेळचे डॉक्टर, रक्त देणारा भाऊ, यांचे आभार मी कितीदा मानले. पण बायको सकाळीच दवाखान्यात माझ्याकडे यायची, तेव्हा शेजारच्या सुमनताई महिनाभर आमच्या लेकीच्या वेण्या घालून तिला शाळेत धाडत होत्या. घर सुटं पडलं नाही ते त्यामुळे. आणि हे मला आठवायला पाटी रंगवावी लागली.

अर्धा किलो पेढे घेऊन मी त्यांचं दार वाजवलं.

"आता हे कशाचे?"

"वेण्यांचे," मी म्हणालो.

"अहो, तिनं केस कापले त्याला किती वर्षं झाली," म्हणत त्या हसल्या, आणि मग पुडा तसाच हातात धरून दारात उभ्या राहिल्या.