खुणेचे मासे

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माणूस सोन्यासारखा. पण जाळं रिकामं निघालं की कोणीतरी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. रिकामी होडी ते काठाला लावतच नसत. पलीकडच्या वळणावर थांबून राहायचे, बाकीचे घरी गेले की गुपचूप यायचे. एकदा तर दुसऱ्या होडीवाल्याकडून मासे विकत घेतले, आपल्या टोपलीत ओतले आणि छाती काढून वर आले. ताईने टोपलीत डोकावून पाहिलं. "अहो, आपल्या जाळ्याची भोकं केवढी, आणि हे मासे केवढेसे? हे आपल्या जाळ्यात राहिले कसे?" त्यावर दाजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मी मात्र पुढे वर्षभर "काय दाजी, आज तळ्यातून की बाजारातून?" असं विचारून त्यांना छळलं. मेव्हण्याचा तो हक्कच आहे.

माझा बर्फाचा छोटा कारखाना तळ्याच्या काठावर होता. त्यांचे मासे, माझा बर्फ. भाचा, म्हणजे दाजींचा एकुलता एक मुलगा, त्यांच्याबरोबर होडीवर असायचा. वल्ही त्याच्या हातात आणि जाळं दाजींच्या. पोरगा मन लावून काम करायचा, आणि दाजींना आयुष्यात दुसरं काही नको होतं. आपल्यामागे हा या तळ्यावर उभा राहिला पाहिजे, एवढंच. तसं ते उठता-बसता बोलूनही दाखवायचे.

मग तळ्यातले मासे संपत आलेत अशी कोणीतरी वर तक्रार केली. मत्स्य खात्याने ठरवलं, की मोठे मासे दहा हजारांहून कमी असतील तर मासेमारी बंद. आता पाण्यातले मासे मोजायचे कसे? त्यासाठी एक तरुण बाई आली. आम्ही तिला तोंडावर मॅडम म्हणायचो आणि मागे मोजणीबाई.

तिची रीत अशी. सगळ्या तळ्याचे नकाशावर चौकोन पाडलेले. चिठ्ठ्या टाकून त्यातले काही चौकोन निवडायचे आणि तिथेच जाळी टाकायची. जे मासे मिळतील त्यांच्या पराचा कोपरा कात्रीने कापायचा आणि त्यांना होते तिथेच सोडून द्यायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा जाळी, आणि त्यात खुणेचे मासे किती आले ते पाहायचं. बाई एक, होड्या दहा. ती प्रत्येक होडीत कशी बसणार? ती काठावर थांबायची, आणि होड्यांची जबाबदारी तिने दाजींवर टाकली. काठावर सगळ्यांत जास्त मान त्यांना होता.

आणि इथेच घोळ झाला. दाजींनी जे केलं ते कोणताही जुना होडीवाला करील. पहिल्या खेपेला पर कापलेले मासे सुस्त पडत होते. जाळ्यात घुसमटलेला मासा वाहत्या पाण्यात लवकर सावरतो, हे त्यांना बापाने शिकवलेलं. म्हणून त्यांनी सगळ्यांचे मासे गोळा करून ओढा तळ्यात शिरतो त्या तोंडापाशी नेऊन सोडले. जिवाची दया, दुसरं काय.

दुसऱ्या खेपेला चिठ्ठीत निघाले मधले, खोल पाण्याचे चौकोन. तिथे त्या दिवसांत मासा नसतो, हे शेंबडं पोरही सांगेल. "सरकारी माणसापुढे रिकामी जाळी न्यायची?" दाजी म्हणाले. "तळ्यात मासाच नाही, असं नाही का तिला वाटणार? चला ओढ्यावर." दहाच्या दहा होड्या वळणापलीकडे, ओढ्याच्या तोंडाशी गेल्या. जाळी ओढताना हात भरून आले. आणि प्रत्येक जाळ्यात खुणेचे मासे! दाजी लहान पोरासारखे ओरडत होते, "हा बघा, हाही जगला! हाही जगला!"

काठावर मोजणीबाई एकेक खुणेचा मासा बाजूला काढत गेली आणि वहीतला आकडा पुन्हा पुन्हा तपासत गेली. दाजींना वाटलं, बाई थक्क झाली.

संध्याकाळी ती ताईकडे चहाला आली, कारण निकाल आधी दाजींना सांगावा असं तिला वाटलं. मीही होतो. "काका, साडेसहा हजार ते साडेनऊ हजार," ती म्हणाली.

"म्हणजे नक्की किती?"

"नक्की कोणालाच सांगता येत नाही. ही भरवशाची हद्द आहे. अशी मोजणी शंभर वेळा केली, तर पंच्याण्णव वेळा खरा आकडा आपल्या हद्दीत सापडतो. पण हद्दीचं वरचं टोकसुद्धा दहा हजारांना पोचत नाही."

दाजींनी चहाची बशी बाजूला सारली. "अहो, जाळी फाटेस्तोवर मासे आले की! डोळ्यांनी बघितलेत तुम्ही!"

तिने ताईकडून वाटाण्यांचा डबा मागून घेतला. मूठभर वाटाणे काढले, माझ्या पेनाने त्यांच्यावर काळे ठिपके केले आणि परत डब्यात टाकले. "आता डबा खूप हलवायचा. मग पुन्हा मूठ भरायची. डबा मोठा असेल तर ठिपक्याचे वाटाणे बाकीच्यांत हरवून जातील, मुठीत एखादाच येईल. मुठीत ठिपकेच ठिपके आले, तर डब्यात मुळात वाटाणेच थोडे. तुमच्या जाळ्यांत ठिपकेच फार आले, काका."

"शितावरून भाताची परीक्षा आमच्या ताईलाही येते," मी उगाच बोललो. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड.

दाजींचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते डब्याकडे बघत होते. "आणि डबा हलवलाच नाही तर?" त्यांनी विचारलं. "ठिपकेवाले सगळे एकाच कोपऱ्यात राहिले, आणि मूठही त्याच कोपऱ्यात घातली, तर?"

बाईने डबा खाली ठेवला. "तसं केलंत का काका?"

दाजींनी सगळं सांगितलं. ओढा, वाहतं पाणी, रिकामी जाळी, लाज. खोटं बोलून गप्प बसले असते तरी तळं बंदच होणार होतं. पण त्यांना वाटलं, खरं सांगितलं तर बाई पुन्हा मोजेल. बाई रडवेली झाली. मला तिचा राग आला होता, तो तिथेच गेला. ती म्हणाली, "माझी हद्द फक्त नशिबाचा हिशोब धरते काका. कोणत्या जाळ्यात कोणता मासा येईल, त्याचा. माणसाने जाळं कुठे टाकलं, हे तिला कळत नाही." तिने वर कळवलं. वरून उत्तर आलं, की मोजणी रद्द, आणि मोजणी नाही तोवर परवाना नाही. पुन्हा मोजायला पैसे मंजूर झाले की बघू. आमचंच चुकलं होतं, बोंब मारायची तरी कोणाच्या नावाने?

तळं बंद झालं. काठावरच्या लोकांनी दाजींना नको नको ते सुनावलं. जे ओढ्यावर त्यांच्या मागून हसत गेले होते तेच सगळ्यांत पुढे. एकेक होडी विकली गेली. माझा बर्फ कोण घेणार? मी यंत्रं विकून टाकली. भाचा दूरच्या मोठ्या शहरात एका गोदामात खोकी उचलायला गेला. दर आठवड्याला फोन करायचा, आणि दाजी दर वेळी त्याला सांगायचे, "मोजणी होणार आहे. खोलीबिली घेऊ नकोस, मित्राकडेच राहा. उगाच पाय रोवून बसू नकोस तिकडे." आपली होडी त्यांनी विकली नाही. ताईने बांगड्या विकल्या, पण होडीचं नाव काढू दिलं नाही.

तीन वर्षांनी मोजणीबाई परत आली. तिनेच वर खेटे घालून घालून परवानगी मिळवली होती. त्या दिवशी दाजी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून काठावर उभे होते. लग्नघर असल्यासारखे. पण दहा होड्यांच्या जागी आता दोनच उरल्या होत्या, दाजींची आणि एका म्हाताऱ्याची. बाकीचे कुठे कुठे पांगलेले. दाजींच्या होडीत वल्ही मारायला मी बसलो.

या खेपेला त्यांनी चिठ्ठीचा शब्द पडू दिला नाही. जिथला मासा तिथेच सोडला. दुसऱ्या फेरीत मधला खोल चौकोन निघाला, तिथेही जाळं टाकलं. वर आलं ते नुसतं पाणी गाळत. दाजींनी ते तसंच दोन्ही हातांनी उंच धरलं आणि काठाकडे तोंड करून ओरडले, "मॅडम, लिहा! काही नाही!" मी मान खाली घातली. थट्टा करायचं मला सुचलं नाही.

सगळ्या जाळ्यांत मिळून खुणेचे मासे आले तीन. दाजी मला कोपराने ढोसत म्हणाले, "ठिपके थोडे, म्हणजे डबा मोठा. बरोबर ना?" कितीतरी दिवसांनी ते हसताना दिसले.

बाईने बराच वेळ आकडेमोड केली. पुन्हा केली. मग उठून आमच्याजवळ आली. "काका, तीन हजार चारशे ते अठ्ठेचाळीस हजार."

दाजींना आधी अठ्ठेचाळीस हजारच ऐकू आले. मग त्यांचा चेहरा बदलला. "ही कसली हद्द? यात तर काहीही बसेल."

"होड्या दोनच होत्या ना. मासे थोडे हाती लागले, खुणेचे तीनच. इतक्यावरून याहून नेमकं सांगता येत नाही. आणि बंद तळं उघडायचं तर खातं बघतं ते खालचं टोक. ते दहा हजारांच्या वर नसेल तर परवाना मिळत नाही."

"म्हणजे तळ्यात अठ्ठेचाळीस हजार मासे असले तरी?"

"असले तरी."

"जास्त होड्या आणल्या तर?"

"तर हद्द लहान होईल. पण होड्या कुठे आहेत, काका?"

दाजींनी काठावरून नजर फिरवली. मीही फिरवली. "या वेळी मी काही चुकवलं नाही, मॅडम," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

आम्ही घरी आलो. ताईने दारातच दाजींचा चेहरा पाहिला आणि आत गेली. थोड्या वेळाने भाच्याचा फोन आला. निकालाचा दिवस त्याच्याही लक्षात होता. तिकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. दाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"खोली घे," ते म्हणाले. "तुझ्या आईला खिडकी लागते, तेवढं बघ."