उडायला की पोचायला

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका गृहस्थांना मी बरीच वर्षं ओळखत होते. ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते. कुणी किती वेळ लागतो असं विचारलं, की भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणायचे आणि संथपणे म्हणायचे, "उडायला, की पोचायला?"

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पणजीला माझ्या धाकट्या बहिणीचं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऑपरेशन होतं. त्याआधी मला एकदा बघायची तिची इच्छा होती. मी नवी साडी नेसून, बॅग घेऊनच त्यांच्याकडे गेले. बहिणीइतकीच विमानाचीही ओढ होती, हे आता सांगायला हरकत नाही. मुंबईच्या विमानात जागा नव्हती.

"मग पुणे-गोवा द्या," मी म्हटलं.

त्यांनी दोरा ताणला. "साडेतीनशे किलोमीटर. उडायला एक तास."

"मग झालं तर."

"विमान उद्या दुपारी आहे, वहिनी. पोचायला संध्याकाळ."

"पण तासच लागतो ना?"

ते उठले, रस्ता ओलांडला आणि नुकत्याच लागलेल्या पणजी गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली. मी तोंड फुगवून त्या जागेवर बसले.

सकाळी आठला मी बहिणीच्या उशाशी होते. तिने माझा हात घट्ट धरला. "इतक्या लवकर कशी गं आलीस?"

"विमानाने," मी म्हटलं. "एक तास लागला."

आणि त्यांच्या रुमालाने तिचे डोळे पुसले.